गुन्हा का घडतो? समाजशास्त्राचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

"गरिबी, बेरोजगारी आणि वाईट संगत यांमुळे माणूस गुन्हेगार बनतो." बी.ए.च्या समाजशास्त्राच्या पेपरांत हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता गठ्ठा सोडायच्या आधीच ते डोळ्यांपुढे येतं. त्याखाली दुर्खीम, मर्टन, सदरलँड, बेकर अशी समाजशास्त्रज्ञांची नावं ओळीने, प्रत्येकाच्या वाट्याला दोन ओळी, आणि शेवटी "अशा प्रकारे गुन्ह्याची अनेक कारणे आहेत." दहापैकी चार. मग विद्यार्थी येतो, "सर, सगळे मुद्दे तर लिहिले होते." लिहिले होते, खरं आहे. पण कोणता मुद्दा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे लिहिलं नव्हतं. पुढच्या सगळ्या चुका या एका चुकीच्या लेकीबाळी आहेत.

वर्गात मी वर्षभर एकच उदाहरण वापरतो: विहिरीवरच्या मोटारीची केबल. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावलकडच्या केळीपट्ट्यातल्या पोरांना ते सांगावं लागत नाही. सकाळी मळ्यात गेलं की स्टार्टरची पेटी जागेवर, विहीर जागेवर, मधली केबल गायब. दोन बांध ओलांडून गेलं की जळक्या प्लास्टिकचा वास येतो, काळी राख आणि वितळलेल्या सालींचे गोळे पडलेले असतात. तांबं गेलेलं. ऐन उन्हाळ्यात केळी पाण्यावाचून, आणि नवी केबल घ्यायची तर उसनवारी.

आता या एका चोरीवर किती वेगवेगळे प्रश्न विचारता येतात ते बघा. चोरी नाही असा समाज का सापडत नाही? ती काही थरांत जास्त का दिसते? केबल कापायची, जाळायची, तांबं सोडवायचं हे कोणी शिकवलं? तांबं घेतं कोण? त्याच गल्लीतल्या बाकीच्या दहा पोरांनी का नाही कापली? आणि चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा ठराविक वस्तीतच का जातात? याच क्रमाने उत्तरं देणारे: दुर्खीम, मर्टन, सदरलँड, क्लॉवर्ड-ओहलिन, हिर्शी, बेकर. सहा प्रश्न, सहा उत्तरं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला जोडलं की पेपर फसला.

विचलन आणि गुन्हा एकच समजणं

समाजाला खटकतं ते विचलन, कायदा शिक्षा देतो तो गुन्हा. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, उदाहरण मात्र दोन्हींचं एकच: चोरी. म्हणजे फरक कळलेलाच नसतो.

हुंडा घ्या. १९६१ पासून तो देणं-घेणं हा गुन्हा आहे. आणि आपल्याकडच्या लग्न ठरवायच्या सुपारीच्या कार्यक्रमात काय होतं? वराकडचे हात जोडून म्हणतात, "आमनी काहीच मागणी नही, तुमनी पोरले तुमले जे देनं व्हई ते द्या." सगळे माना डोलावतात, चहा येतो. या शब्दांआड मागणी झालीच असेल तर गुन्हा घडला, विचलन घडलं नाही. उलट ज्या बापाने काहीच दिलं नाही त्याच्याकडेच लोक वळून बघतात. आता दुसरी बाजू. जातीबाहेर लग्न केलेली मुलगी कायद्याच्या नजरेत निर्दोष, पण गावच्या नजरेत तिनेच मर्यादा मोडलेली. तिच्या घराला वाळीत टाकणारे पंच पूर्वी न्याय करणारे होते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानंतर तेच पंच आरोपी ठरू शकतात. कृत्य तेच, माणसं तीच, गुन्हेगाराची जागा फिरली. ही दोन उदाहरणं लिहिलीत तर व्याख्या वेगळी लिहायचीही गरज नाही.

सगळं गरिबीवर ढकलणं

या चुकीवर थोडं थांबतो, कारण ती फक्त विद्यार्थ्यांची नाही, चौकातल्या गप्पांचीही आहे.

गरिबी हेच कारण असेल, तर बायकांचं काय? खानदेशातल्या शेतमजूर बाईला पुरुषापेक्षा मजुरी कमी, नावावर जमीन नाही, हातात पैसा नाही. गरिबीने गुन्हे होत असते तर तुरुंग बायकांनी भरले असते. जगातल्या कुठल्याही देशात तसं नाही, सगळीकडे गुन्हेगारांत पुरुष कितीतरी जास्त. एवढ्या एका गोष्टीने "गरिबीमुळे गुन्हे" हे वाक्य लंगडं होतं. त्यात मुलींवरची घरची पाळत, रात्री बाहेर पडायची मुभा, पुरुषपणाच्या कल्पना हे सगळं घालावं लागतं.

दुसरा धक्का वरच्या बाजूने बसतो. एडविन सदरलँडने १९३९ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञांपुढे अध्यक्षीय भाषण करताना पांढरपेशी गुन्हेगारी हा विषय मांडला, आणि १९४९ च्या पुस्तकात ७० मोठ्या कंपन्यांची कायदेभंगाची कुंडलीच मांडली. प्रकाशकाला खटल्याची भीती वाटली म्हणून कंपन्यांची नावं गाळावी लागली. न गाळलेली आवृत्ती निघायला १९८३ उजाडलं. अमेरिका लांबची वाटत असेल तर जवळ या. निवृत्त मास्तरांनी फंडाची रक्कम पतसंस्थेत ठेवली आणि मुदत संपल्यावर काउंटरवर "पुढच्या महिन्यात या" एवढंच मिळालं, असं एक तरी घर तुमच्या नात्यात असेल. ज्यांनी तारणाशिवाय आपल्याच माणसांना कर्जं वाटली, त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती का?

मग मर्टन चुकला का? नाही, मर्टन असं म्हणालाच नव्हता. १९३८ च्या त्याच्या लेखाचा मुद्दा गरिबी नसून तफावत आहे: समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो आणि तिथे पोहोचायची शिडी मात्र थोड्यांनाच देतो. आग्नेय युरोपात गरिबी असून तिचा गुन्ह्यांशी अमेरिकेइतका संबंध दिसत नाही, हे त्यानेच त्या लेखात नोंदवलंय. नुसती गरिबी माणसाला फार तर सोसायला लावते. गरिबी असताना "तूही बंगला बांधू शकतोस, नाही बांधलास तर तूच नालायक" असं रोज कानावर पडणं, ही वेगळी गोष्ट आहे.

मर्टनचा तक्ता घोकणं

ध्येय आणि मार्ग मान्य की अमान्य यावरून माणसांचे पाच प्रकार, अधिक-उणे चिन्हं, पाठ. "नवप्रवर्तन" या शब्दापुढे मात्र दरवर्षी कोणीतरी "उदा. शास्त्रज्ञांचे नवे शोध" असं लिहितं. नवप्रवर्तन म्हणजे ध्येय मान्य, मार्ग मात्र आडवाटेचा. शब्द फसवा आहे खरा, दोष भाषांतराचाही आहे.

तक्ता विसरा आणि जळगाव-धुळ्यातली कुठलीही अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला मैदानावर धावणारा, दिवसभर पुस्तकात डोकं घालणारा तो अनुसरण करणारा. पैसे मोजून डमी बसवणारा किंवा फुटलेला पेपर शोधणारा तो नवप्रवर्तक. नोकरी दोघांनाही हवी आहे. वय निघून चाललंय, आता लागणार नाही हे मनात कळून चुकलंय, तरी रोज ठरलेल्या खुर्चीवर बसून तीच पानं रंगवणारा तो कर्मकांडवादी. हा कधी पेपरात येत नाही, कारण तो कोणाला त्रास देत नाही. पण मर्टनच्या लेखी त्याचंही विचलनच आहे. बॅग भिंतीला टेकवून संध्याकाळी बाटलीकडे वळलेला तो पलायनवादी. आणि "ही नोकरीची शर्यतच खोटी, दुसरं काही उभं करू" म्हणत संघटना काढणारा तो बंडखोर.

इथेच एक जोडचूक होते. दुर्खीमची प्रमाणकशून्यता (नियमांची पकड सुटणं, इंग्रजीत अ‍ॅनॉमी) आणि मर्टनची प्रमाणकशून्यता एकाच वाक्यात कोंबली जाते. दुर्खीमकडे झपाट्याच्या बदलात नियमच सैल होतात आणि हावेला लगाम राहत नाही. मर्टनकडे ध्येय आणि मार्ग यांची फारकत होते. शब्द एक, दुखणी दोन.

सदरलँडला म्हणीत बसवणं

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." विभेदक साहचर्याच्या, म्हणजे सदरलँडच्या सिद्धांताच्या, उत्तरात ही म्हण हमखास येते. पोरगा पकडला गेला की आईही ठाण्याबाहेर तेच म्हणते: "मना पोऱ्या चांगला शे, संगत वाईट शे." आईने म्हणावं, तिचा हक्क आहे. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका.

गुण लागायला सदरलँडच्या मते शेजार पुरत नाही. १९४७ साली त्याने सिद्धांताची नऊ विधानं पक्की केली, त्यांचं सार असं: गुन्हा शिकला जातो, जवळच्या माणसांत शिकला जातो, आणि शिकताना दोन गोष्टी मिळतात. एक हातोटी. दुसरी, आणि महत्त्वाची, ती कृती बरोबर ठरवणारी भाषा. केबलचंच घ्या. थ्री फेज कधी येते, कधी जाते हे माहीत असल्याशिवाय चालू लाइनची केबल कोणी कापणार नाही. ही झाली हातोटी, आणि ती परक्या गावच्या माणसाकडे सहसा नसते. पण हातोटी वायरमनकडेही असते, मोटार रिवाइंडिंगवाल्याकडेही असते. तरी ते चोर होत नाहीत, कारण त्यांच्या कानावर "त्यात काय एवढं" पेक्षा "हे आपलं काम नाही" हे जास्त वेळा, लहानपणापासून आणि जवळच्या माणसांकडून पडलेलं असतं. असे संबंध किती वारंवार, किती काळ, किती लवकर आणि किती जिव्हाळ्याचे, यावर पारडं झुकतं.

"त्यात काय एवढं"चा अभ्यास पुढे साइक्स आणि मॅट्झा यांनी १९५७ मध्ये केला. अपराधभाव झटकायच्या पाच तऱ्हा त्यांनी सांगितल्या. त्या पाठ करू नका, चोरट्या वाळूच्या ट्रॅक्टरमागे उभे राहून ऐका. "मालक पाठवतो, आपण फक्त डायवर." "गिरणा नदीत दर पावसाळ्यात नवी वाळू येते, कोणाचं काय गेलं?" "नदी काय कोणाच्या बापाची आहे?" "पकडणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे?" "गाडीवरच्या चार पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांना सोडून कसं चालेल?" जबाबदारी नाकारली, नुकसान नाकारलं, ज्याचं नुकसान झालं तोच नाकारला, बोट दाखवणाऱ्यावर बोट उलटवलं, आणि आपल्या माणसांवरची निष्ठा वर ठेवली. पाचही आले.

आणि भंगारवाला. क्लॉवर्ड आणि ओहलिन यांचा १९६० चा मुद्दा असा की आडमार्गसुद्धा सगळ्यांना खुला नसतो. तिथेही ओळख लागते, वाट माहीत असावी लागते. जळकं तांबं न विचारता तोलून घेणारा काटा जवळपास नसेल, तर केबल कापून करायचं काय? विद्यार्थी चोराबद्दल दोन पानं लिहितात आणि घेणाऱ्याबद्दल एक ओळही नाही.

"दुर्खीम गुन्ह्याच्या बाजूने आहे"

नाही. १८९५ साली त्याने गुन्ह्याला सामान्य म्हटलं ते सर्वत्र आढळणारा या अर्थाने, चांगला या अर्थाने नव्हे. सगळे संतच राहतात असा मठ कल्पून बघा, तिथे बाहेर क्षुल्लक वाटणारी चूकही मोठा अपराध ठरेल, असं त्याचं म्हणणं. गुन्ह्याचं प्रमाण एका मर्यादेबाहेर गेलं तर तो आजार, हेही त्यानेच लिहिलंय. ते वाक्य पेपरात येत नाही.

आजचा गुन्हा उद्याची नीती असू शकतो, यासाठी तो सॉक्रेटिसचं उदाहरण देतो. तुम्हाला अथेन्सला जायची गरज नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. दोघंही सरकारदरबारी कैदीच होते.

वस्तीला किंवा जातीला गुन्हेगार ठरवणं

"अमुक समाजात गुन्हेगारी परंपरेने असते." असं वाक्य दिसलं की माझा पेन अडखळतो, कारण लिहिणाऱ्याला ते शास्त्र वाटत असतं. या वाक्याचा बाप १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मतःच गुन्हेगार ठरवायचं, हजेरी लावायची, गाव सोडायला परवाना लागायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कागदावरचा शिक्का गेला, माणसांच्या डोक्यातला गेला नाही. हा कायदा आला त्याच सुमारास, १८७६ मध्ये, इटलीत लोंब्रोझो कवटी आणि जबडा मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखू पाहत होता. १९१३ साली चार्ल्स गोरिंगने इंग्लंडमधल्या हजारो कैद्यांची मापं इतरांशी ताडून तो दावा पाडला.

रक्तात काही असतं म्हणणाऱ्यांना मी धरणगाव दाखवतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला आणि पुढची काही वर्षं त्यांच्या कागदांत सातपुड्यातले भिल्ल म्हणजे दरोडेखोर. १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच भिल्लांतून भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, धरणगावला तिचं ठाणं. काल ज्यांच्या मागे फौज होती तेच आज गणवेशात, गावांची राखण करत. रक्त बदललं नव्हतं, पुढे आलेली वाट बदलली होती. (औट्रमला दयाळू ठरवायची गरज नाही, त्याला स्वस्तात शांतता हवी होती.)

शिकागोत शॉ आणि मॅके या अभ्यासकांना दुसऱ्या वाटेने हेच सापडलं. १९४२ च्या त्यांच्या अभ्यासात बालगुन्हेगारीचं प्रमाण शहराच्या मध्याजवळच्या त्याच पडक्या वस्त्यांत दशकानुदशकं चढं राहिलं. दरम्यान तिथे राहणारे लोक बदलत गेले, एका देशाचे गेले, दुसऱ्याचे आले. जे बाहेर चांगल्या भागात गेले त्यांच्यातलं प्रमाण उतरलं. प्रमाण माणसांबरोबर गेलं नाही, जागेला चिकटून राहिलं.

पण इथे उलटी चूकही होते: "त्या वस्तीत प्रमाण जास्त, म्हणजे तिथला प्रत्येक पोरगा संशयित." विल्यम रॉबिन्सनने १९५० मध्ये दाखवलं की प्रदेशाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोलता येत नाही. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती. व्यक्तीगणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांतच साक्षरता कमी. ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच.

समाज नाव ठेवतो म्हणून माणूस विचलित ठरतो, असं सांगणाऱ्या शिक्का सिद्धांताचं सगळ्यात जड उदाहरण आपल्याच भागात आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवर आधीच फिरत होती. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मारहाण करून ठार केलं. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये म्हटलं होतं की विचलन कृतीत नसतं, इतरांनी लावलेल्या नियमात आणि शिक्क्यात असतं. इथे तर कृतीच नव्हती, नुसता शिक्का.

या घटनेवर लिहिताना विद्यार्थी सर्रास "अशिक्षित आदिवासींचा अडाणीपणा" असं लिहितात. म्हणजे एका शिक्क्याच्या निषेधात दुसरा शिक्का. त्याच काळात देशाच्या कितीतरी राज्यांत, शहराजवळच्या भागांतही, अशाच अफवांनी माणसं मारली गेली. शिक्का सिद्धांताकडून पहिल्या चोरीचं कारणही मागू नका. लेमर्टने १९५१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन वेगळं केलं ते यासाठीच: पहिल्यांदा केबल का कापली याला शंभर कारणं असतील, "केबलचोर" हे नाव पडल्यावर कोणी कामाला ठेवेना, मग पुन्हा तेच, ही दुसरी कथा. सिद्धांत दुसऱ्या कथेचा आहे.

आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले

केबल गेलेले किती शेतकरी ठाण्यात जातात? पंचनामा, हेलपाटे, तारखा, आणि केबल काही परत येत नाही. बहुतेक जण शिव्या देऊन नवी आणतात. उद्या एखादा अधिकारी आला आणि त्याने प्रत्येक तक्रार नोंदवायची ठरवली, तर एकही जास्तीची चोरी न होता आकडा दुप्पट दिसेल. त्यामुळे "तालुक्यात गुन्हे वाढले" लिहायच्या आधी "नोंदी वाढल्या" असं लिहा. दोन जिल्हे ताडताना एकूण संख्या घेऊ नका, दर लाख लोकसंख्येमागचा दर घ्या. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची एक रीत लक्षात ठेवा: एकाच फिर्यादीत अनेक कलमं असली तर मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरला जातो. बलात्कार करून खून झाला तर तो खुनात मोजला जातो, बलात्काराच्या आकड्यात दिसत नाही.

हिर्शीला उलटं वाचणं

ट्रॅव्हिस हिर्शीचा १९६९ चा प्रश्नच उलटा आहे: लोक नियम का पाळतात? जिव्हाळा, पणाला लागलेलं भवितव्य, गुंतलेले हात, नियमावरचा विश्वास हे चार धागे. "तरुणांसाठी व्यायामशाळा काढाव्यात" ही शिफारस यातून लगेच काढू नका. मोकळा वेळ भरणं हा चारांतला एकच धागा. जिव्हाळ्याबद्दलचं त्याचं निरीक्षण जास्त बारीक आहे. मोहाच्या क्षणी आई शेजारी असण्याची गरज नाही, ती मनात यावी लागते.

प्रकल्पाला गावात गेलात तर

गेल्या खेपेला एक विद्यार्थिनी केबलचोरीवर प्रकल्प करत होती. सोबत ओळखीचे पोलीस पाटील घेऊन गेली. सगळ्यांनी एकच सांगितलं: चोर बाहेरगावचे. दुसऱ्यांदा ती मावशीबरोबर निंदणीच्या वेळेस शेतात गेली, काही न विचारता दोन सऱ्या निंदल्या, आणि दुपारच्या भाकरीला बायकांनी आपसूक सांगितलं की तांबं कुठे जातं ते साऱ्या गावाला माहीत आहे, फक्त तो काटावाला अडीअडचणीला पैसेही देतो.

तेव्हा गणवेशातलं किंवा पदावरचं कोणी सोबत नेऊ नका. "तुम्ही चोरी केली आहे का" असं विचारू नका. "तुमची केबल कधी गेली होती का, मग काय केलंत" असं विचारा. वहीत गावाचं नाव बदला, माणसाचं तर बदलाच, आणि एवढं बदलूनही विहिरीच्या वर्णनावरून शेत ओळखू येत असेल तर विहीरही बदला.